सांगली ते सातारा सामान हलवलं: पोरांना पाच स्टार, ऑफिसला दोन

मे महिन्यात आम्ही सांगलीच्या गावभागातलं घर सोडून साताऱ्यात शाहूनगरला आलो, नवऱ्याची बदली झाली म्हणून, आणि सामानाचं पॅकिंग, गाडी, चढवणं-उतरवणं सगळं सांगलीतल्याच एका पॅकर्स-मूव्हर्सला दिलं होतं. तेव्हापासून ओळखीतलं जो भेटेल तो विचारतोय की कसं झालं, किती घेतले, आमचंबी हलवायचंय, द्यावं का त्यांना. म्हणून सविस्तर लिहून टाकते एकदाच.

कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि त्याला भीती वगैरे काही कारण नाही. नाव सांगून तुम्हाला उपयोग नाही म्हणून. जी पोरं आमच्याकडं आली त्यांच्या मुकादमानंच चहा पिताना सांगितलं की ताई, टीशर्ट कंपनीचा, पोरं माझी. म्हणजे आज या कंपनीचं काम, परवा दुसऱ्या कंपनीचं, टीशर्ट बदलला की झालं. तुम्ही ज्या ऑफिसला फोन करता ते फक्त गिऱ्हाईक धरतं, गाडी एकाची भाड्यानं घेतं, पोरं मुकादमाची घेतं आणि मधले पैसे आपले ठेवतं. तेव्हा कंपनी चांगली का वाईट हा प्रश्नच अर्धा चुकीचा आहे, मुकादम कोण येणार ते विचारा. आम्हाला नशिबानं चांगला मिळाला, तो पुढं सांगतेच.

आधी पैशाचं, कारण सगळ्यांना तेच पहिलं पाहिजे असतं. टू बीएचके एवढं सामान, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, सतरा फुटी आयशर ट्रक, पॅकिंगसकट १८ हजार ठरले. बाकीचे कोटेशन अकरापासून चोवीस हजारापर्यंत आलेले. अकरावाल्यानं घर बघितलंच नव्हतं, नुसतं फोनवर, बेड किती, कपाटं किती, फ्रिज सिंगल का डबल, झालं लगेच रेट. असले रेट घेऊ नका. सामान गाडीत चढलं की मग म्हणतात सामान जास्ती निघालं, एवढे वाढवा, आणि तुमचं सगळं घर त्यांच्या गाडीत असतं, तुम्ही काय बोलणार? नेटवर पहिला नंबर दिसतो त्याला फोन केला की तासाभरात दहा जणांचे फोन यायला लागतात तेबी एक नाटक आहे, तुमचा नंबर विकलेला असतो. माणूस घरी येऊन माळा, बाल्कनी, पलंगाखालचं सगळं बघून लिहून घेऊन मग रेट देतो त्याच्याशीच बोला. आमच्याकडं तो माणूस आला, लिहून घेतलं, सगळं नीट. फक्त एक गोष्ट त्यानं विचारली नाही आणि तिचाच पुढं घोळ झाला.

आता आमच्या घराचं थोडं सांगायला पाहिजे. गावभागात ज्यांची घरं आहेत त्यांना सामान बांधायचं काय नवीन नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटाला गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टला ५७ च्या वर गेलेलं. त्यामुळं आमच्याकडं खालच्या खोलीत काही ठेवायचंच नाही हा नियम, आणि माळ्यावर मात्र एवढं की बघायला नको. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांनी पुराच्या धसक्यानं सगळं वर टाकून ठेवलेलं, घंगाळ, दोन हंडे, बंब, वरवंटा, मुलांची पाळण्याची दोरी सुद्धा. मुकादमानं माळ्यावर टॉर्च मारली आणि म्हणला, काकू, पूर परत आला तर शेजारपाजाऱ्यांची बी सोय हाय की हिथं. आत्या खूश. त्या दिवसापासून तो त्यांचा लाडका.

पॅकिंगला आदल्या दिवशी सकाळी पोरं आली, येताना खोक्यांचे गठ्ठे, बबल रॅप, पांढरा फोम, तपकिरी नालीदार कागदाचा मोठा रोल आणि चिकटपट्ट्या घेऊन. खोकी दोन प्रकारची, भांड्यांना आणि पुस्तकांना पाच प्लायची, कपड्यांना तीन प्लायची. हे ऑफिसनं सांगितलं नव्हतं, मी विचारल्यावर मुकादमानं खोक्याची कड वाकवून थर मोजून दाखवले. तुम्ही ठरवतानाच विचारून घ्या, कारण सगळीकडं तीन प्लाय वापरून मोकळे होतात आणि खालचं खोकं वरच्याच्या वजनानं बसतं.

काचेची भांडी कशी बांधली ते मी शेजारी बसून बघितलं, मला तेवढंच बघायचं होतं. आईनं दिलेला डिनर सेट आहे, एकही प्लेट अजून फुटलेली नाही. त्या पोरानं आधी खोक्याच्या तळाला कागदाचे बोळे टाकले चांगले चार बोटं, मग एकेक प्लेट कागदात गुंडाळून उभी लावली, पुस्तकं कपाटात लावतात तशी, आडवी एकावर एक नाही. मी म्हणलं अरे पडतील की. तर म्हणतो, वहिनी, आडव्या ठेवल्या की खड्ड्यात गाडी आपटली की वरच्यांचं सगळं वजन खालच्या प्लेटवर येतंय, उभी असली की कडेवर दणका बसतोय, कड दणकट असती. कप आधी आतून कागदानं भरले, मग बाहेरून गुंडाळले, दांड्याला वेगळा बोळा. सगळं भरल्यावर वरची मोकळी जागा पण बोळ्यांनी भरली आणि खोकं बंद करून दोन्ही हातांनी हलवलं, कान लावून. आतून बारीक खळ् असा आवाज आला. उघडलं, शोधलं, एका बशीच्या बाजूला फट होती, तिथं अजून एक बोळा कोंबला, परत हलवलं. गप्प. मग टेप, तीसुद्धा खालून वरून इंग्रजी एचसारखी. असं माणूस काम करताना बघायला मिळालं की पैसे दिल्याचं काही वाटत नाही.

पुस्तकांची खोकी मात्र आमचीच होती आणि हा खास सांगलीचा जुगाड आहे, लक्षात ठेवा. बेदाण्याचे पंधरा किलोचे बॉक्स. मार्केट यार्डात किंवा ओळखीच्या बेदाणा व्यापाऱ्याकडं रिकामे मागा, मिळतात. पुस्तकांना मोठं खोकं वापरायचंच नसतं, भरताना मजा वाटते आणि उचलताना दोघांना उचलत नाही नाहीतर तळ फाटतो. बेदाण्याच्या बॉक्समध्ये पुस्तकं बरोब्बर मावतात, एका माणसाला उचलतात, आणि जरा गोड वास येतो तो दोन महिने जात नाही. मुंग्यांचं बघा फक्त, आतून फडक्यानं पुसून उन्हात टाका. औषधाच्या दुकानातले बॉक्स पण चांगले, दणकट असतात.

फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून दार उघडं ठेवायला सांगितलेलं, बर्फ वितळून पाणी पुसून कोरडा झाला, मग आतले कप्पे वेगळे काढून फोममध्ये. गाडीत उभाच नेला. कुणी आडवा टाकतो म्हणला तर टाकू देऊ नका, कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं, आणि उभा नेला तरी पोचल्या पोचल्या चालू करायचा नाही, चार-पाच तास तसाच राहू द्यायचा. वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर मागं ट्रान्झिट बोल्ट लावायचे असतात, आतला ड्रम हलू नये म्हणून, ते नवीन मशीन बसवताना काढतात आणि नव्वद टक्के घरात हरवतात. आमच्या आत्यांकडं होते! कुठल्या तरी डब्यात, रबरबँड लावून. मुकादमानं हात जोडले त्यांना. एसीचं वेगळा माणूस बोलवावा लागतो, गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन मग सोडवतो, त्याचे पैसे वेगळे, कोटेशनमध्ये धरलेले नसतात.

लोखंडी कपाट खाली आणणं हा एक मोठा कार्यक्रम झाला. आमचा जिना गावभागातल्या सगळ्या जिन्यांसारखा, अरुंद आणि मधेच वळतो. आरसा आधी काढून वेगळा बांधला, ड्रॉवर रिकामे, कुलूप लावून किल्ली आमच्याकडं. एकानं पाठीवर पट्टा घेऊन खालून तोललं, दोघं वरून, आणि मुकादम वळणावर उभा राहून नुसता सांगत होता, दाब, आता सोड, डावा पाय, डावा म्हणलं की तुला. भिंतीला एक ओरखडा नाही. घरमालकांनी नंतर येऊन जिना बघितला आणि काही बोलले नाहीत, हेच मोठं.

काय पॅक करायला द्यायचं नाही ते पण सांगते. स्वयंपाकघरातलं रोजचं आणि शिधा मी स्वतः बांधला. शाळू, गहू, तांदूळ गोण्यांमध्ये, हळद-तिखटाचे डबे झाकणाला टेप मारून बादलीत उभे. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या कंपनीवाले घेतच नाहीत, तेल-तुपाचं पण तेच, सांडलं तर सगळ्या गाडीचं वाटोळं. त्या बरण्या आत्यांनी कारमध्ये पायाशी घेतल्या, देव मांडीवर. कागदपत्रं, दागिने, औषधं, चार्जर, पहिल्या रात्रीच्या चादरी, चहाचं सामान आणि एक पातेलं, हे एका वेगळ्या बॅगेत आपल्याबरोबर. रात्री दहा वाजता पंचवीस खोक्यांतून साखर शोधायची नसेल तर ऐका माझं.

गॅस सिलिंडर पण नेत नाहीत, आणि न्यायचा नसतोच. गाव बदललं की एजन्सीला सिलिंडर आणि रेग्युलेटर परत द्यायचा, ते टर्मिनेशन व्हाउचर देतात आणि डिपॉझिट परत करतात, ते व्हाउचर नवीन गावच्या एजन्सीत दाखवून कनेक्शन घ्यायचं. शेगडी आपली आपण न्यायची. हे हलवायच्या आठवडाभर आधी करून ठेवा आणि मधल्या दिवसांसाठी इंडक्शन बाहेर ठेवा, पॅक करून बसू नका.

आता ऑफिस.

पहिलं म्हणजे इन्शुरन्स. सामानाची किंमत लिहा आणि तिच्या तीन टक्के भरा म्हणले. नवरा म्हणला भरतो, पॉलिसीचा कागद कुठल्या कंपनीचा मिळणार? तर म्हणे आमचं अंतर्गत आहे. अंतर्गत इन्शुरन्स म्हणजे काय ते देव जाणे. इन्शुरन्स कंपनीच्या नावाचं, तुमच्या सामानाचं सर्टिफिकेट मिळत असेल तरच पैसे द्या, नाहीतर तो नुसता वरचा चार्ज आहे. आम्ही नाही घेतला. त्याऐवजी बिल्टी, म्हणजे माल नेणाऱ्यानं द्यायची माल घेतल्याची पावती, मागितली, तिच्यावर सामानाची किंमत लिहून घेतली. रस्त्यानं माल नेण्याचा २००७ चा कायदा आहे, नुकसान झालं तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्यासाठी हातात बिल्टी पाहिजे. नुसत्या व्हॉट्सअपवरच्या कोटेशनवर कोण विचारणार?

दुसरं, ई-वे बिलाचे, म्हणजे जीएसटीत माल गाडीनं नेताना ऑनलाइन काढायच्या कागदाचे, पाचशे लावलेले. घरातलं वापरलेलं सामान आपण आपल्यासाठी नेत असलो तर त्याला ई-वे बिल लागतच नाही, नियमातच सूट आहे. नवऱ्यानं हे म्हणल्यावर लगेच खोडलं, वाद नाही काही नाही, म्हणजे माहीत होतं त्यांना. जो विचारत नाही तो भरतो.

तिसरं तर कहर. सामानाच्या यादीचा जो छापील कागद आणला त्यात प्रत्येक वस्तूपुढं आधीच लिहिलेलं, जुने, ओरखडे. टीव्ही, ओरखडे. सोफा, ओरखडे. नवीन घेतलेला मिक्सर, तोही ओरखडे. म्हणजे उद्या काही घासलं तर ते आधीचंच होतं असं म्हणायला मोकळे. आम्ही ते खोडून सह्या करायला लावल्या आणि फोनवर एकेका वस्तूचा व्हिडिओ काढला. मुकादम बाजूला उभा राहून हसत होता, म्हणला ऑफिसचा कागद हाय साहेब, आम्ही कशाला पाडतोय.

गाडी दुपारी निघाली, आष्टा, पेठ नाका, मग हायवे, तासवडेचा टोल. हायवेचं सहापदरीचं काम चाललेलं त्यामुळं कराडला गाड्या तुंबलेल्या, संध्याकाळ झाली साताऱ्यात यायला, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण गोडोलीतून शाहूनगरकडं वळल्यावर ड्रायव्हरनं गाडीच थांबवली. ज्यांना सातारा माहिती नाही त्यांच्यासाठी, शाहूनगर म्हणजे अजिंक्यताऱ्याचा पायथा, आमची गल्ली सरळ वर चढते, वरून विजेच्या तारा लोंबतायत आणि कडेला लोकांच्या कार लावलेल्या. सतरा फुटी आयशर भरलेली तिथं जाणं शक्यच नाही. आणि हेच ते ऑफिसच्या माणसानं विचारलं नव्हतं. सांगलीतलं घर कानाकोपरा बघून गेला, जिथं उतरायचं तिथला रस्ता कसा, गाडी दारापर्यंत येते का, एक शब्द नाही. पत्ता त्याच्याकडं होता, फोनवर मॅप उघडून बघितला असता तरी कळलं असतं.

मग ऑफिसला फोन. म्हणे शटल करावं लागेल, छोटा हत्ती बोलवा, दोन हजार जास्ती होतील. शटल म्हणजे मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत काढायचं, वर न्यायचं, उतरवायचं, परत खाली. या धंद्यात हे नेहमीचं आहे म्हणे. असेल, पण मग आधी विचारायचं काम कुणाचं? अर्धा तास फोनवर हो-नाही चाललं, आत्या कारमध्ये देव घेऊन बसलेल्या, अंधार पडायला आलेला, आणि शेवटी एक हजारावर तोडलं. तेही आम्ही सगळे पैसे आधी दिले नव्हते म्हणून. त्यांची पद्धत अशी की उतरवायच्या आधी पूर्ण रक्कम. आम्ही ठरवतानाच थोडी बाकी उतरवल्यावर देऊ असं लिहून घेतलेलं, ते कामाला आलं. तुम्हीपण घ्या लिहून.

पोरांनी मात्र कुरकुर केली नाही. दोनदा हाताळायचं म्हणजे त्यांचं काम दुप्पट, आणि त्या हजारातलं त्यांना किती मिळणार होतं कुणास ठाऊक. तरी दुसरा मजला, लिफ्ट नाही, सगळं वर आणलं, बेड जोडून दिला, कपाट भिंतीला लावून दिलं, आरसा बसवला. खोक्यांवर मार्करनं खोलीचं नाव लिहिलेलं होतं त्यामुळं स्वयंपाकघराचं स्वयंपाकघरात गेलं. मुकादमानं जायच्या आधी परत यादी काढून एकेक खोकं मोजून नवऱ्याची सही घेतली. शोकेसच्या एका काचेचा कोपरा गेला, तो त्यानं स्वतः दाखवला, लपवलं नाही. शटल करताना गेला, आणि काचेचे पैसे ऑफिसनं बाकीतून वजा केले. पोरांना जेवणाचे पैसे आम्ही वेगळे दिले, नको नको म्हणत घेतले.

तर स्टार द्यायचे तर मी पॅकिंगला पाच, चढवण्या-उतरवण्याला पाच, ऑफिसच्या व्यवहाराला दोन देते, ते दोन पण काचेचे पैसे वाद न घालता वजा केले म्हणून. १८ हजार आणि वरचे एक, हे जास्ती वाटत असतील तर स्थानिक टेम्पो आणि हमालांचा हिशोब करून बघा. गावातल्या गावात, म्हणजे विश्रामबागेतून कुपवाडला वगैरे जायचं असेल तर मी स्वतः पॅकर्सकडं जाणार नाही. बेदाण्याचे बॉक्स आणायचे, दोन रविवार बसून आपण बांधायचं, कपाट-फ्रिजपुरते हमाल आणि एक चारशेसात टेम्पो बोलवायचा, निम्म्यात काम होतं. पण हायवेचा प्रवास असेल, काच-फर्निचर जास्त असेल, घरात म्हातारं माणूस आणि लहान पोरं असतील तर द्या पॅकर्सला. महिनाअखेर टाळा, तेव्हा सगळ्यांचीच घरं हलतात, चांगले मुकादम मोकळे नसतात.

त्या मुकादमाचा नंबर इथं टाकणार नाही, त्याला विचारल्याशिवाय बरं नाही. ऑफिसला फोन कराल तेव्हा एवढंच म्हणा की पॅकिंगला येणाऱ्या मुकादमाशी आधी बोलायचंय. जे बोलू देत नाहीत ते सोडा.

आणि हो, रिकामी खोकी परत घेऊन जातो, त्याचे तीनशे कमी करतो असं ऑफिसनं कबूल केलेलं, अजून कुणी आलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची फलटणला बदली झालीय, त्यांनी विचारलं तेव्हा सगळी देऊन टाकली, बेदाण्याची सोडून, त्यात आत्यांनी बंब आणि हंडे भरून परत माळ्यावर टाकलेत.